मदनेमामांची तिसरी हाक

औरंगपुऱ्यात माझं चष्म्याचं दुकान आहे. डोळे तपासताना गिऱ्हाइकाच्या नाकावर आम्ही एक लोखंडी सांगाडा चढवतो, त्यात भिंगं बदलत जातो आणि "आता कसं दिसतंय? आणि आता?" असं विचारत राहतो. हा सांगाडा नाकावर तसाच ठेवून माझ्या दुकानातून माणसं रस्त्यावर पळालेली आहेत. एक मास्तर तर दोन्ही डोळ्यांना भलत्याच नंबरची भिंगं लावून पळाले आणि परक्याच माणसाच्या मोटारसायकलला किल्ली लावत बसले. तो माणूस तिथंच उभा होता. "चालू झाली तर घेऊन जा गुरुजी," असं तो म्हणाला, पण गुरुजींना तोही दिसत नव्हता.

या सगळ्या पळापळीचं कारण म्हणजे मदनेमामा. आमच्याकडं वाहतूक पोलिसाला अख्खं शहरच मामा म्हणतं, त्यात विशेष काही नाही. पण औरंगपुरा, गुलमंडी, पैठण गेट एवढ्या पट्ट्यात नुसतं 'मामा आले' म्हटलं की ते मदने हवालदारच असत. त्यांची ड्युटी टोइंगच्या गाडीवर होती. नो-पार्किंगमधल्या दुचाक्या उचलायच्या, गाडीत घालायच्या आणि ट्रॅफिकच्या आवारात नेऊन टाकायच्या. मालकानं मागून घाम पुसत यायचं, दंड भरायचा, पावती घ्यायची. उचलायला ठेकेदाराची पोरं होती. मामांचं काम एवढंच की उचलण्याआधी गाडीचा नंबर पुकारायचा.

त्यांच्याबद्दल बोलायला लागलो की सुरुवात अशी हसतहसत होते. पुढं पुढं माझी मान खाली जाते. शेवटच्या काही वर्षांत त्यांचीही खालीच असायची, म्हणून हे लिहिताना मला त्यांचा चेहरा नीट आठवत नाही, पिकलेला माथाच जास्त आठवतो.

माणूस उंच, वाळलेला, मान जरा पुढं काढून चालणारा. टोइंगच्या गाडीवर भोंगा होता, हातात धरायचा माइक होता, पण मामा तो कधी वापरत नसत. गाडी थांबली की खाली उतरत, डोक्यावरची टोपी काढून काखेत धरत आणि मग हाक मारत. टोपी का काढता, असं मी एकदा विचारलं होतं.

"टोपी घालून हाक दिली का हुकूम वाटतो, चष्मेवाले," ते म्हणाले. "माणूस हुकमाला चिडतो. हाकंला येतो."

मला ते चष्मेवाले म्हणायचे. शेजारच्याला पूजावाले, समोरच्या रफिकभाईंना घड्याळवाले. आमची खरी नावं त्यांना ठाऊक असतीलही, पण रस्त्यावर ज्याची जी खूण तेच त्याचं नाव, असा त्यांचा हिशेब होता. गाड्यांचंही तसंच. नुसता नंबर पुकारून कुणाला स्वतःची गाडी ओळखू येत नाही, म्हणून पहिली हाक नंबराची देऊन झाली की दुसरीत ते गाडीचं वर्णन करत. "काळी मोटारसायकल, सीटला निळा टावेल, एक आरसा मोडलाय... दादा, या, घ्या काढून." लाल स्कूटीला बाहुली लटकत असेल तर "बाहुलीवाल्या ताई" म्हणत. साड्यांच्या दुकानात बसलेल्या पाच-सहा ताई एकदम दचकत आणि त्यातली एक पळत सुटे.

तिसरी हाक मात्र वेगळी होती. तिच्यात नंबर नसे, वर्णनही नसे. मान मागं टाकून, पोटातून काढलेला एक लांब आवाज, आधी खाली आणि मग वर चढत जाणारा, त्याच्या शेवटाला "या होऽऽ" एवढंच कळायचं. तो आवाज पैठण गेटपासून थेट आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. कन्नडच्या घाटाखालच्या एका वस्तीवर त्यांचं बालपण मेंढरांमागं गेलं होतं. डोंगरात पांगलेला कळप संध्याकाळी गोळा करायचा तो हा आवाज. शहरात आले, पोलिसात लागले, खाकी चढली, पण गळा तोच राहिला.

या तीन हाका म्हणजे आमच्या बाजाराचा कायदाच झाला होता. वास्तविक नो-पार्किंगच्या पाटीखाली गाडी लावू नये हा कायदा. पण आमच्याकडचा माणूस काय करी, तर सरळ पाटीखाली गाडी लावी, दुकानात शिरी आणि एक कान बाहेर ठेवी. मामा हाक देतील, मग पळू. गिऱ्हाइकच काय, आम्ही दुकानदारही तेच करत होतो. कान बाहेर ठेवून साड्या, चष्मे, पूजेचं सामान, सगळं निवांत खरेदी व्हायचं. मामांवर एवढा भरवसा की पाटी वाचायची कुणाला गरजच वाटत नव्हती.

त्यांचा एक मेहुणा दिवाळीच्या खरेदीला कन्नडहून आला होता. त्यानं मोटारसायकल रफिकभाईंच्या दुकानासमोर लावली आणि शेजारी चहा पीत बसला. मामांनी हाक दिली. मेहुणा हसला आणि जागेवरच बसून राहिला. दाजी आपले, गाडी आपली. दुसरी हाक झाली, तिसरी झाली. मग मामांनी टोपी डोक्यावर घातली आणि पोरांना म्हणाले, "उचला." मेहुणा त्या दिवाळीला घरी जेवला नाही आणि मामींनी बरेच दिवस मामांशी धड बोलणं केलं नाही. रफिकभाईंनी त्यांना छेडलं, "क्या मामा, साले की गाडी भी नहीं छोड़े?"

"हाक आयकून बसला तो, घड्याळवाले," मामा म्हणाले. "न आयकलेल्याची चूक नाय. आयकून बसणाऱ्याला मी काय करू?"

हे हाकेचं वेड कुठून आलं ते त्यांनी मला जवळचा चष्मा लावायला आले तेव्हा सांगितलं. लहान असताना त्यांच्या वडलांची मेंढरं कुणाच्या तरी हरभऱ्यात शिरली. गावची रीत अशी होती, की जनावर कोंडवाड्यात घालायच्या आधी मालकाच्या दारात जाऊन हाक द्यायची. शेतवाल्यानं हाक दिली नाही. मेंढरं गुपचूप नेऊन कोंडली. रात्रभर वडील डोंगरात कळप धुंडाळत, आवाज देत फिरले आणि सकाळी कोंडवाड्याच्या फाटकाशी आले तेव्हा एक गाभण मेंढी आत दबून मेली होती.

"आमचा बाप दंड भरून आला," मामा म्हणाले. "दंडाचं काय नाय. पण घरी येऊन आसा बसला ना भितीकडं तोंड करून... म्हन्ला, मला एक आवाज तर द्यायचा व्हता." मग त्यांनी नवा चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आता मीच कोंडवाडेवाला झालोय बगा. म्हणून देतो आपला आवाज."

एवढ्या मायेच्या माणसाला आम्ही काय दिलं, तर एक व्हिडिओ. कुणीतरी त्यांची तिसरी हाक मोबाइलवर घेतली. टोपी काखेत, मान मागं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. त्याला मेंढ्यांचे आवाज जोडले, खाली हसणारी तोंडं चिकटवली आणि दिलं सोडून. दोन दिवसांत सगळ्या बाजारानं तो पाहिला. रफिकभाईंनी मला दाखवला, मी पूजावाल्यांना दाखवला. आम्ही सगळे खदखदून हसलो. त्यात वाईट हेतू नव्हता, असं आम्ही एकमेकांना नंतर खूपदा सांगितलं.

त्याच सुमारास मामांच्या अश्विनीचं लग्न ठरत होतं. मुलगी शिकलेली, बँकेत लागलेली. पाहुणे पुण्याकडचे होते आणि तो व्हिडिओ त्यांच्याकडंही पोचला. पाहुण्यांपैकी कुणीतरी हसतहसत अश्विनीला विचारलं, की तुमच्याकडं अजून मेंढ्या आहेत का. त्या संध्याकाळी मामा माझ्या दुकानात आले. काम काही नव्हतं. चष्म्याचा स्क्रू ढिला आहे म्हणाले, तो काही ढिला नव्हता.

"पोरगी म्हन्ली, पप्पा, तेवढं वरडत नका जाऊ." एवढं बोलून ते बराच वेळ आरशात बघत बसले. "लई गोड पोरगी हाय. चिडून नाय म्हन्ली. हात जोडून म्हन्ली."

मी काहीतरी बोललो असेन, दुकानदार बोलतात तसं. चष्मा परत दिला आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी टोइंगची गाडी नेहमीच्या वेळी आली. मामा उतरले, पण टोपी डोक्यावरच होती. पोरं त्यांच्या तोंडाकडं बघत थांबली. एकानं माइक पुढं केला. मामांनी तो बाजूला सारला आणि हातानंच खूण केली. पोरं गाड्या उचलायला लागली. समोरून रफिकभाई ओरडले, "मामा, आज गला बैठ गया क्या जी?" मामांनी तिकडं पाहिलं नाही.

माझ्या शेजारच्या पूजेच्या दुकानात तेव्हा सुनंदा नावाची एक बाई काळे तीळ आणि दर्भ घेत होती. ती बजाजनगरला राहायची. नवरा वाळूजच्या एका कारखान्यात कामाला, माहेर कन्नडकडचं. तिचे वडील, नाना, शेवटची दोन-तीन वर्षं तिच्याकडंच होते, अंथरुणावर. तिनंच त्यांचं सगळं केलं आणि त्यांनी प्राणही तिच्याच घरी सोडला. दहाव्याला पैठणला अस्थी सोडायच्या होत्या. भाऊ आणि भावकी गावाकडून जीपनं परस्पर पैठणला जाणार होते. अस्थी लेकीनं न्यायच्या नसतात, असं भावकीचं म्हणणं होतं. पण ती हट्टाला पेटली होती की नानांना मीच घेऊन येणार. शेवटी भाऊ म्हणाला, आण.

अस्थी कुणाच्या उंबऱ्याच्या आत नेत नाहीत, जमिनीवरही टेकवत नाहीत. म्हणून तिनं अस्थींचं, पांढऱ्या फडक्यात बांधलेलं छोटं मडकं पिशवीत घालून स्कूटीच्या पुढच्या आकड्याला अडकवलं होतं आणि नजरेसमोर राहावं म्हणून स्कूटी बरोब्बर पूजेच्या दुकानाच्या तोंडाशी लावली होती. वर नो-पार्किंगची पाटी होती. तिलाही मामांची हाक ठाऊक होती. आमच्या बाजारात येणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होती. दुकानात गर्दी होती, ती आत सरकली, पूजावाल्यांनी सामान पुड्यात बांधलं आणि तिनं वळून पाहिलं तर दारात स्कूटी नव्हती.

ती ओरडली ती अजून माझ्या कानात आहे. "माझे नाना!" एवढंच ओरडली. आम्हाला वाटलं कुणी म्हातारा माणूस हरवला. पूजावाल्यांनी सांगितल्यावर मला कळलं, आणि मी तिला माझ्या गाडीवर मागं बसवून ट्रॅफिकच्या आवारात नेलं.

टोइंगची गाडी नुकतीच येऊन उभी राहिली होती. दुचाक्या एकमेकींवर रेलवून भरलेल्या होत्या. तिची स्कूटी आडवी कलंडली होती, पिशवी दोन गाड्यांमध्ये सापडली होती आणि मडकं फुटलं होतं. राख गाडीच्या पत्र्यावर सांडली होती. त्यात चाकांचे आणि पोरांच्या चपलांचे ठसे होते.

मामांना मी हळू आवाजात सांगितलं काय आहे ते. त्यांनी बूट काढले, खाकी शर्टाची बटणं सोडली, शर्ट अंगातून काढून हातात घेतला आणि बनियनवर अनवाणी गाडीत चढले. शर्ट पत्र्यावर पसरून त्यावर ते राख गोळा करणार होते.

"हात लावू नका," सुनंदा म्हणाली. "माझ्या नानांना हात लावू नका तुमी."

मामा मागं सरकले. ती गाडीत चढून गुडघ्यावर बसली आणि चिमटीनं थोडी थोडी राख पदरात भरत राहिली. फटीत गेलेली बोटानं काढत होती. मामा हातात शर्ट धरून तिथंच उभे होते, आवारातली सगळी माणसं बघत होती आणि कुणीही मोबाइल वर केला नाही. पदराची गाठ मारून ती उठली आणि मामांच्या समोर येऊन उभी राहिली.

"मामा, हाक कामून नाय दिली?"

तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग उचलणाऱ्या पोरांच्या मुकादमानं तिची स्कूटी खाली काढून दिली, आणि ती तशीच, पदराची गाठ छातीशी धरून, एका हातानं गाडी चालवत पैठणच्या रस्त्याला लागली. वाटेत कुठंतरी तिनं नवं मडकं घेतलं असेल.

मला वाटलं विषय संपला. पण महिना-दोन महिन्यांनी सुनंदा माझ्या दुकानात आली. ओळखू येत नव्हती इतकी वाळली होती. पैठणला घाटावरच गोष्ट फुटली होती. भाऊ म्हणाला होता, पोलीस हाका मारतात, सगळ्या औरंगाबादला माहीत आहे. तू खरेदीत रमलीस, बापाला रस्त्यावर सोडलंस. भावकी म्हणाली, लेकीच्या हाती दिलं की असंच व्हायचं. भावानं तिच्याशी बोलणं टाकलं होतं. संक्रांत आली आणि गेली, माहेरचं कुणी फिरकलं नव्हतं.

"ताई, आम्ही सांगतो ना तुमच्या भावाला," मी म्हणालो. "आम्ही सगळे इथंच होतो. हाक आलीच नाही."

"तुमचं कोण आयकंल, भाऊ? दुकानदार गिऱ्हाइकाकडूनच बोलनार." ती म्हणाली. "ज्यानं हाक द्यायची व्हती त्यानं सांगायला पायजे. मोठ्यानं. त्यांच्या देखत."

त्या दिवसाचं चलान तिच्या स्कूटीवर तसंच राहिलं होतं. पुढं नवऱ्याच्या मोबाइलवर लोकअदालतीचा निरोप आला. या, थोडंफार भरा, तडजोड करा, मोकळे व्हा. माणसं त्या दिवशी रांग लावून जातात आणि सवलत मिळाली म्हणून पेढे वाटल्यासारखी खूश होऊन येतात. सुनंदा गेली आणि म्हणाली, मला सवलत नको. मला सगळा दंड लावा नाहीतर सगळा काढा, पण आधी हाक दिली होती का ते विचारा. तिथल्या लोकांनी तिला समजावलं, की बाई, एवढ्याशा रकमेसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवू नका. तिनं ऐकलं नाही. मग रीतसर तारीख पडली आणि मदने हवालदारांना बोलावणं आलं.

उचलणाऱ्या पोरांचा मुकादम मामांना माझ्या दुकानासमोरच समजावत होता. "मामा, दिली म्हणा. कोण बघायला बसलंय? त्या आवाजाला काय पुरावा लागतोय का? रिटायर व्हायला आलात, पोरीचं लग्न तोंडावर. कशाला अंगावर घेता?" त्याचंही खोटं नव्हतं. अख्ख्या शहरानं शपथेवर सांगितलं असतं, की मामा हाक दिल्याशिवाय गाडी उचलत नाहीत. त्यांच्या एका शब्दावर सुनंदा कायमची खोटी पडली असती.

तारखेच्या आदल्या दिवशी मामा आले. "चष्मेवाले, उद्या संग चला. येकट्याला लाज वाटतीय."

कोर्टात मागच्या बाकावर सुनंदाचा भाऊ बसला होता, पांढऱ्या धोतर-टोपीतले एक चुलते होते. तिनंच त्यांना निरोप पाठवून बोलावलं होतं आणि ते आले होते, बहुधा तिची फजिती बघायला. मॅजिस्ट्रेट मॅडम तरुण होत्या. समोर कागदांचा ढीग होता आणि हे प्रकरण लवकर आटपावं असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"गाडी उचलण्याआधी नंबर पुकारला होता का?"

मामांनी टोपी काढून काखेत धरली. मला एकदम वाटलं, हे आता हाक देणार.

"नाय, साहेब."

मॅडमनी मान वर केली. "नाही? मग काय, माइक बंद होता?"

"माइक चालू व्हता."

"मग गाडीचा मालक जवळपास नव्हता का?"

"ताई पाच पावलांवर व्हत्या. हाक दिली आसती तर आल्या आसत्या. मी दिली नाय."

"का दिली नाही?"

मी मागून त्यांची मान बघत होतो. ती हळूहळू खाली गेली.

"लाज वाटली, साहेब."

"कशाची?"

"माझ्या आवाजाची. मेंढक्याचा आवाज हाय. लोक हसले. मला लाज वाटली."

कोर्टात कुणीतरी हसायला लागलं आणि लगेच गप्प झालं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "कोणी तुम्हाला तसं सांगितलं होतं का? वरिष्ठांनी, घरच्यांनी?"

मला अश्विनी आठवली. हात जोडून म्हणाली ती.

"कुणी नाय, साहेब," मामा म्हणाले. "माझं मलाच वाटलं." मग ते न विचारताच मागच्या बाकाकडं वळले आणि त्या भावाला म्हणाले, "दादा, तुमच्या बहिनीनं बापाला रस्त्यावर नाय सोडलं. ते मी केलं."

दंड रद्द झाला. तेवढंच कागदावर आलं असणार. बाहेर व्हरांड्यात तो भाऊ बराच वेळ चपलेनं जमीन उकरत उभा राहिला आणि मग सुनंदाजवळ जाऊन म्हणाला, "ताई, चल. जीप आणलीय. गावाकडं येऊन जा." तिला रडू फुटलं. चुलते दुसरीकडंच बघत होते.

मामा पायरीपाशी हात जोडून उभे होते. ती त्यांच्यापाशी थांबली. मला वाटलं, आता ती म्हणेल की जाऊ द्या, मामा. आपल्याला असंच वाटत असतं.

"त्या दिवशी तुमी हाक दिली आसती ना," ती म्हणाली, "तर मी अनवाणी पळत आले आसते." आणि ती जीपकडं गेली.

पुढचं थोडक्यात सांगायचं तर, मामांना टोइंगवरून काढून कचेरीत बसवलं. अश्विनीचं लग्न व्यवस्थित झालं. पाहुण्यांना कोर्टाचं कळलं की नाही कोण जाणे. मामा रिटायर झाले तेव्हा आम्ही दुकानदारांनी शाल-नारळ द्यायचं ठरवलं होतं. त्यांनी हात जोडून नको म्हणून सांगितलं. आमच्या गल्लीतून जावं लागलं तर ते पूजेच्या दुकानाची बाजू सोडून पलीकडून, खाली बघत जात. चहाला बोलावलं तरी आत येत नसत. त्यांना स्वतःची लाज वाटत होती आणि आम्हाला त्यांच्याकडं बघून आमची. ते कुणीच बोलून दाखवलं नाही. त्यांच्या आवाजावर हसणारे आम्हीच होतो, आणि त्याचा दंड आमच्यापैकी कुणालाच पडला नाही.

टोइंगची गाडी अजून येते. आता कुणी टोपी काढून उभं राहत नाही. भोंग्यातून ध्वनिमुद्रित बाईचा आवाज येतो, तोही कधी येतो, कधी नुसती खरखर. माणसं दंड भरतात, भांडतात, मोबाइलवर तक्रारी टाकतात, तारखांना जातात.

मामांना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या दसऱ्याच्या आधी. बाजार तुडुंब होता. टोइंगची गाडी कोपऱ्यावर वळत होती, भोंगा बंद होता. तेवढ्यात मला तो आवाज ऐकू आला. माझ्यासमोर एक बाई सांगाडा लावून बसली होती, तिला तसंच ठेवून मीच बाहेर पळालो.

गाडीच्या बरंच पुढं, रस्त्याच्या मधोमध मामा चालत होते. अंगात साधा पांढरा शर्ट, हातात भाजीची पिशवी, डोकं उघडं. पाटीखाली लागलेल्या प्रत्येक गाडीपाशी ते थांबत, वाकून पुढच्या आकड्याला हात लावून बघत, काही अडकवलंय का, आणि मग उभे राहून पुकारत. नंबर, मग रंग, मग ती तिसरी. आवाज आता फाटका झाला होता, वर चढताना मध्येच तुटत होता. माणसं दुकानांतून पळत येत होती, कुणी हसत, कुणी चिडत, आणि गाड्या काढून नेत होती. मागून टोइंगची पोरं ओरडत होती, "ओ आजोबा, सरका ना!"

पूजेच्या दुकानासमोर एक निळी स्कूटी उभी होती. बऱ्याच दिवसांनी मामा त्या बाजूला आले. एका मुलानं त्यांच्या तोंडासमोर मोबाइल धरला आणि व्हिडिओ घ्यायला लागला. मामांनी त्याच्याकडं पाहिलं. चेहरा वळवला नाही. वाकून स्कूटीचा आकडा चाचपला. तो मोकळाच होता. मग त्यांनी पिशवी खाली ठेवली, मान मागं टाकली आणि त्या मोबाइलसमोरच, होता तेवढा सगळा आवाज काढून हाक दिली.

"निळ्या स्कूटीवाल्या ताईऽऽ... या होऽऽ..."